मालगुजाराचा दगडी वाडा : नागपूर परिसरातील शेतघराची रचना

नागपूरच्या आसपासच्या जुन्या खेड्यांत गावच्या मालगुजाराचा वाडा ही एकेकाळी सर्वांत ठळक वास्तू असे. लोक तिला ‘दगडी वाडा’ म्हणत. तथापि ह्या वास्तूची बारकाईने पाहणी केल्यास असे दिसून येते की, तिचा फार मोठा भाग दगडाचा नसतो. भिंतींचा वरचा भाग मातीचा किंवा विटांचा, सांगाडा सागवानी लाकडाचा आणि छप्पर कवेलूंचे असते. दगड असतो तो पाया, जोते, दरवाजा, विहीर आणि चौकाची फरशी एवढ्यापुरता. मग लोकांनी तिला दगडी का म्हटले, आणि बांधणाऱ्याने दगड नेमका त्याच ठिकाणी वापरून इतरत्र का टाळला, हे दोन प्रश्न उपस्थित होतात. प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नांच्या अनुरोधाने नागपूर परिसरातील मालगुजारी वाड्याच्या रचनेचा विचार करावयाचा आहे. वाड्यात दगड कोठे सुरू होतो आणि कोठे थांबतो, हे नीट पाहिले तर त्या प्रदेशाची माती, तेथील पाऊस आणि तेथील जमीनमहसुलाची व्यवस्था ह्या तिन्हींचा उलगडा एकाच वास्तूतून होऊ शकतो.

१. भूमी आणि दगड

नागपूर शहर भूस्तरांच्या दृष्टीने एका सीमेवर वसले आहे. दख्खनच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे जे थर पसरले, त्यांची पूर्वेकडील कड ह्या शहरातून जाते. सीताबर्डीची टेकडी आणि तिच्या पश्चिमेकडील व दक्षिणेकडील प्रदेश काळ्या बेसाल्टचा आहे. पूर्वेकडे त्याहून कितीतरी प्राचीन असे नाइस व इतर स्फटिकी खडक लागतात. उत्तरेस कन्हान नदीच्या बाजूस कामठी व सिलेवाडा येथे वालुकाश्म सापडतो. कामठी ह्या गावाचे नाव त्या वालुकाश्माच्या स्तरसमूहालाच मिळाले आहे. ह्या प्रदेशाच्या भूस्तरांचे पहिले पद्धतशीर निरीक्षण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्टीफन हिस्लॉप ह्या स्कॉटिश मिशनऱ्याने केले. टाकळी व सीताबर्डी येथील लाव्ह्याच्या दोन थरांमधील जीवाश्म त्यानेच अभ्यासकांच्या नजरेस आणले. १८६३ मध्ये टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहून परत येत असता ओढ्याच्या पुरात बुडून त्याचा अंत झाला.

ह्या तीन प्रकारच्या दगडांचे गुण भिन्न आहेत. बेसाल्ट अतिशय कठीण व जड असतो. तो पाणी फार थोडे शोषतो आणि ओझ्याखाली दबत नाही; परंतु त्याला टाकी लावणे कष्टाचे असते. वालुकाश्म सहज घडविता येतो, त्यावर नक्षी चांगली उठते. मात्र जमिनीलगत सतत ओल राहिली तर त्याचे पापुद्रे सुटू लागतात. नाइसचे पत्थर लांबट निघतात, ते पायऱ्यांना व उंबऱ्यांना सोयीचे पडतात. बैलगाडीच्या काळात दगड दूरवर वाहून नेणे परवडत नसे. त्यामुळे काटोल-कळमेश्वरकडील वाड्याचे जोते काळे आणि कामठीच्या बाजूचे जोते फिकट तांबूस किंवा पिवळसर दिसावे, हे स्वाभाविकच होय. एखाद्या काळ्या दगडाच्या टापूतील वाड्यात दरवाजाच्या चौकटीपुरताच वालुकाश्म वापरलेला दिसला, तर तो मुद्दाम खर्च करून आणलेला आहे, असे समजावयास हरकत नाही.

दगड टिकाऊ आहे म्हणून माणसाने घर दगडाचेच बांधले पाहिजे, असे मात्र नाही. ह्या प्रदेशाचा फार जुना पुरावा नेमका उलट आहे. नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाने शां. भा. देव ह्यांच्या मार्गदर्शनाखाली १९६८-६९ मध्ये टाकळघाट येथे वस्तीचे आणि जवळच्या खापा येथे शिलावर्तुळांचे उत्खनन केले. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील ह्या लोकांनी मृतांच्या स्मरणार्थ मोठमोठे धोंडे वर्तुळाकार मांडले; जुनापाणी व माहुरझरी येथेही अशी वर्तुळे आहेत. शिलावर्तुळे आजही शेतांतून उभी दिसतात. त्यांच्या कर्त्यांची घरे मात्र मातीच्या थरांत खणूनच शोधावी लागतात. घराला दगड लावण्यामागे सामर्थ्याहून निराळे काही कारण लागते, एवढे ह्यावरून स्पष्ट होते.

२. हक्क आणि बांधकाम

ते कारण शोधताना जमिनीच्या हक्काकडे वळावे लागते. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद ह्याने १७०२ च्या सुमारास नागपूर वसविले आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते रघूजी भोसले ह्यांच्या सत्तेखाली आले. भोसल्यांच्या राज्यात गावचा पाटील हा महसूल वसूल करून भरणारा अधिकारी होता. गाव त्याच्या मालकीचे नव्हते. वसुलीचा ठराव थोड्या मुदतीचा असे आणि तो दुसऱ्याकडे जाण्याचा संभव नेहमीच राही. त्यातच एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेंढाऱ्यांच्या धाडींनी हा मुलूख त्रस्त झाला होता. अशा स्थितीत श्रीमंत पाटलाने पैसा घालावयाचा तो संरक्षणात. म्हणून त्या काळची वास्तू ही घरापेक्षा गढी अधिक असे. उंच आवारभिंत, कोपऱ्यांवर बुरूज आणि एकच भक्कम दरवाजा ही तिची लक्षणे होत. वऱ्हाडातील देशमुख-पाटलांच्या गढ्यांशी तिचे जवळचे नाते आहे.

राजधानीतील भव्य वास्तू ह्याच काळातील होत. महालातील भोसल्यांचा राजवाडा काळ्या बेसाल्टचा होता आणि त्यावर लाकडी कोरीव कामाची रेलचेल होती. १८६४ मध्ये तो आगीत भस्मसात झाला. मोठा दरवाजा तेवढा शिल्लक राहिला. दगड आणि सागवान ही जोडी नागपुरी बांधकामाचा पाया आहे, आणि ह्या जोडीतील कोणता घटक कशाने नष्ट होतो, हेही त्या आगीने दाखवून दिले.

तिसऱ्या रघूजीच्या मृत्यूनंतर १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. त्यानंतरच्या जमाबंदीत गावच्या पाटलांना व इजारदारांना गावाचे मालकी हक्क देण्यात आले. हेच मालगुजार. गावचा सारा गोळा करून ठरलेला हिस्सा सरकारात भरावयाचा आणि उरलेला स्वतःकडे ठेवावयाचा, असा त्यांचा अधिकार होता. हा हक्क वंशपरंपरागत होता. तो विकता येई आणि गहाणही टाकता येई. शेजारच्या वऱ्हाडात रयतवारी पद्धत असल्यामुळे तेथे असा वर्ग निर्माण झाला नाही. मालगुजाराची स्वतःची शेती ‘सीर’ व ‘खुदकास्त’ ह्या नावांनी निराळी नोंदली जात असे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ ह्या काळात कापसाचे भाव चढले होते. १८६७ मध्ये मुंबईहून आलेला लोहमार्ग नागपूरला पोहोचला. त्यामुळे हक्क, पैसा आणि वाहतूक ह्या तिन्ही गोष्टी एकाच पिढीच्या हाती आल्या.

ज्याला आपला नातू ह्याच गावात राहील अशी खात्री आहे, तोच कठीण दगडाचे जोते घडवून घेतो. आज उभे असलेले बहुसंख्य मालगुजारी वाडे ह्या हक्कानंतरच्या काळातले मानावे लागतात, ते ह्याच कारणाने. ‘दगडी’ हे विशेषणही ह्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. मातीच्या घरांच्या गावात दगडाचे जोते हीच लक्षात राहणारी गोष्ट होती. नागपूरचे धनिक गोपाळराव बुटी ह्यांनी शिर्डी येथे वाडा बांधला. १९१८ मध्ये साईबाबांचे निधन झाल्यावर त्यांची समाधी तेथेच झाली. तो वाडाही शिर्डीत ‘दगडी वाडा’ ह्याच नावाने ओळखला जात असे.

३. आराखडा : बाहेरचा चौक आणि आतला चौक

मालगुजारी वाडा हे श्रीमंताचे निवासस्थान असले, तरी त्याची मांडणी राहणीपेक्षा कामाच्या सोयीने झालेली असते. आवाराचे साधारणतः दोन भाग पडतात. बाहेरचा भाग शेतीचा व वसुलीचा, आतला भाग कुटुंबाचा.

प्रवेश देवडीतून होतो. दरवाजाची दोन मोठी फळ्यांची दारे, त्यांपैकी एकात वाकूनच आत जाता येईल अशी दिंडी, आणि आतील बाजूस भिंतीत सरकणारा अडसर ही तिची परिचित अंगे होत. दोन्ही बाजूंस पहारेकऱ्यांसाठी दगडी ओटे असतात. देवडीची उंची व रुंदी भरलेल्या बंडीच्या मापाने ठरते. कडब्याच्या किंवा कपाशीच्या बंडीला आत येता आले नाही, तर वाड्याचा उपयोग नाही. म्हणूनच दरवाजाच्या दोन्ही पाखांना खाली जाड घडीव दगड बसविलेले असतात, आणि त्यांवर बंडीच्या आसाने पडलेल्या घळी पुष्कळदा पाहावयास मिळतात.

देवडी ओलांडली की बाहेरचा चौक लागतो. एका बाजूस बैलांचा कोठा, त्याच्या लगत कुटार व कडबा ठेवण्याची जागा, वखर-नांगर व बंड्या ठेवण्याची पडवी, सालदारांची बसण्याची जागा, आणि दुसऱ्या बाजूस धान्याची कोठारे, अशी त्याची रचना असते. समोर उंच जोत्यावर सपरी. ही पुढून मोकळी असलेली लांब ओसरी होय. तिच्या एका टोकास दिवाणजींची बैठक असे व तेथेच वह्या, बस्ते, दौत, तराजू आणि मापे राहत. मालगुजार सपरीत लोडाला टेकून बसला की देवडीतून कोण येते, कोठाराचे कुलूप कोण उघडते आणि चौकात कुडवाने धान्य कसे मोजले जाते, हे सर्व त्याला बसल्या जागेवरून दिसत असे. सपरीचे जोते चौकापासून तीन-चार फूट उंच असते. त्याचे एक कारण पावसाचे पाणी हे असले, तरी दुसरे कारण ही नजर होय. सारा भरावयास आलेला रयत खाली चौकात उभा राही किंवा पायरीवर बसे. जोत्याच्या उंचीतच गावातील मानाची उतरंड बांधलेली होती, हे नजरेआड करता येत नाही.

आतल्या चौकाकडे जाणारा मार्ग सरळ नसतो. सपरीमागील खोलीतून किंवा एका बोळातून वळण घेऊन आत जावे लागते, त्यामुळे बाहेरच्या माणसाची दृष्टी आत पोहोचत नाही. आतल्या चौकाभोवती ओसऱ्या, त्यांच्यामागे माजघर, देवघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची अंधारी खोली आणि वर माळा. मागच्या बाजूस परसू, विहीर व न्हाणी. स्त्रियांच्या ये-जा करण्यासाठी मागून निराळी दिंडी असे. पाखडण्याचे, दळण्याचे, वाळवणाचे आणि पापड-कुरडयांचे सारे काम आतल्या चौकात होई. बाहेरचा चौक जसा शेतीच्या कामाचा, तसाच आतलाही कामाचाच होता. फरक एवढाच की, आतल्या श्रमाचा हिशेब दिवाणजींच्या वहीत लिहिला जात नसे.

४. जोते, भिंत आणि सांगाडा

आता दगडाच्या वापराकडे वळू. कपाशीची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हातभर भेगा पडतात. अशा जमिनीवर ठेवलेली भिंत दरवर्षी वर-खाली होते आणि चिरते. म्हणून गवंडी काळी माती पूर्ण काढून मुरुमापर्यंत चर खणीत आणि तेथून पाया उचलीत. पायात डबर, म्हणजे अनघड दगड, माती-चुन्यात घट्ट बसविलेला असतो. जोत्याच्या दर्शनी बाजूस खांडक्या किंवा घडीव चिरे लावून आतील पोटात डबर भरीत. बेसाल्ट घडविणे महाग असल्यामुळे घडणावळ केवळ दिसणाऱ्या तोंडापुरती केली जाई. काही अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालीत, त्यामुळे तोंड व पोट एकमेकांना धरून राहत. आज जेथे जोत्याला पोट सुटलेले दिसते, तेथे हे आरपार दगड कमी पडलेले असतात.

जोत्याच्या वर दगड लवकरच थांबतो. नागपूरचे वार्षिक पर्जन्यमान साधारणतः हजार ते बाराशे मिलिमीटर असून त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडतो. पागोळ्यांचे पाणी जमिनीवर आपटून जेवढे उंच उडते, तेवढ्या उंचीपर्यंत भिंत दगडाची केली, की तिचे पायथ्यापासून विरघळणे थांबते. त्यावर दगड चढविणे हा व्यर्थ खर्च ठरला असता. शिवाय उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या ह्या प्रदेशात जाड मातीची भिंत राहण्याला अधिक सुखकर. ती दिवसाची उष्णता हळूहळू घेते आणि हळूहळू सोडते. अशा भिंती बहुधा दोन ते तीन फूट जाड असतात.

ह्या भिंतींसाठी काळी माती वापरीत नाहीत; ती फुगते व तडकते. वापरतात ती पांढरी माती. गावाची वस्ती ती ‘पांढरी’ आणि शेती ती ‘काळी’, ही जुनी विभागणी बांधकामातही पाळली गेलेली दिसते. पांढऱ्या मातीत कुटार मिसळून ती काही दिवस भिजत ठेवीत, तुडवीत आणि हात-दीड हात उंचीचे थर एकावर एक घालीत. एक थर वाळल्याशिवाय दुसरा घालीत नसत. त्यामुळे भिंत पुरी होण्यास दिवाळीपासून वैशाखापर्यंतचा काळ लागे. शेवटी शेणमातीचा किंवा चुन्याचा गिलावा.

वस्तुतः छपराचे ओझे ह्या भिंतींवर नसतेच, किंवा फार थोडे असते. ते पेलतो सागवानी सांगाडा. खांब, त्यांवर मयाली, त्यांवर फाटे व बांबूच्या कमच्या आणि सर्वांत वर कवेलू, असा भार उतरत येतो. पावसाळ्यात एखादी भिंत बसली, तरी छप्पर जागेवर राहते व भिंत पुन्हा घालता येते. सांगाड्याचा शत्रू म्हणजे उधई आणि ओल. म्हणून प्रत्येक खांब जमिनीत न पुरता घडीव दगडाच्या तळखड्यावर उभा करतात. तळखडा हा वाड्यातील सर्वांत लहान, पण कदाचित सर्वांत मोलाचा दगड होय. तो खांबाला जमिनीच्या ओलीपासून तोडतो आणि उधईची वाट उघड्यावर आणतो, त्यामुळे ती वेळीच दिसते. मयाली व खांब जोडताना कुसू व साल ह्यांचा सांधा करीत; जुन्या कामात लोखंडी खिळा क्वचितच आढळतो.

छपराच्या बाबतीतही पावसाने सीमा आखून दिली आहे. पश्चिम वऱ्हाडात पाऊस कमी, म्हणून तेथे मातीचे सपाट धाबे चालते. नागपूरकडे व त्याच्या पूर्वेस पाऊस वाढत जातो, तसे धाबे मागे पडते आणि उतरते कवेलूचे छप्पर सार्वत्रिक होते. कुंभाराने केलेली अर्धगोल कवेलू दर उन्हाळ्याच्या शेवटी उतरवून, फुटकी बाजूला काढून पुन्हा रचावी लागत. हा वार्षिक खर्च वाड्याच्या व्यवस्थेत गृहीत धरलेला होता. त्यासाठी लागणारी माणसे गावात होती आणि त्यांना द्यावयाचे धान्य कोठारात होते.

५. कोठार आणि विहीर

मालगुजाराची संपत्ती रोख रकमेत थोडी आणि धान्यात पुष्कळ असे. पेरणीच्या वेळी रयतेला बियाणे उसने द्यावयाचे आणि सुगीला ते सवाईने किंवा दिढीने परत घ्यावयाचे, ही रूढ रीत होती. सवाई म्हणजे मापास सव्वा माप व दिढी म्हणजे दीड माप. कोठार ही अशा रीतीने गावची पेढीच होती. गरजेच्या वेळी तिच्यामुळे पेरणी होई, आणि तिच्यामुळेच रयत ऋणात बांधलेली राही. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर तर साठवलेल्या धान्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

म्हणूनच वाड्यातील दगडाचा दुसरा मोठा साठा कोठारात आढळतो. येथे दगडाने दोन शत्रूंना अडवावयाचे असते, ते म्हणजे उंदीर आणि ओल. तळाशी दगडी फरशी, तिच्यावर लाकडी तक्तपोशी आणि भिंतींचा खालचा भाग चुन्यात बांधलेला, अशी रचना करीत. मुरुमाच्या कोरड्या जमिनीत पेव खणण्याचीही चाल होती. अरुंद तोंडाचा व आत रुंद होत जाणारा हा खड्डा धान्य भरल्यावर झाकून लिंपून घेत. पेव फुटणे हा वाक्प्रचार ज्या अनुभवातून आला, तो ह्याच साठवणीचा. काळ्या मातीच्या सखल भागात मात्र पेव ओलीने नासे. तेथे जमिनीवरची कोठी आणि बांबूची ढोली हाच मार्ग होता. एखाद्या वाड्यात पेवे आहेत की कोठ्या, एवढ्यावरून त्याच्याखाली कोणती जमीन आहे, ह्याचा अंदाज करता येतो.

विहीर संपूर्ण दगडाने बांधलेली असते. वाड्यात आरंभापासून शेवटपर्यंत दगडाचीच असलेली ती एकमेव वास्तू म्हणावी लागेल. वरचा मातीचा थर ढासळू नये म्हणून घडीव दगडाची बांधणी खडकापर्यंत नेतात; खाली उघडा खडकच असतो. मोटेच्या विहिरीवर बाहेर झुकलेले दगड, थारोळे आणि दगडी पाट ही अंगे दिसतात. चौकातील पाणी फरशीच्या उतारावरून मोरीत आणि मोरीतून परसात जाते. विहिरीच्या बाजूस ते वळू नये ह्याची काळजी घेतलेली असते. चौकाची फरशी शोभेसाठी आहे असे वाटते, परंतु तिचे मुख्य काम जोत्याच्या पायाशी पाणी साचू न देणे हे होय.

६. कालनिश्चिती

ह्या वाड्यांवर शिलालेख क्वचितच असतात. त्यामुळे बांधणीचा काळ अंगभूत पुराव्यांवरून ठरवावा लागतो. पातळ व लहान विटा आणि जाड चुना हे जुन्या कामाचे लक्षण. इंग्रजी मापाची जाड वीट ही नंतरच्या काळातली. अर्धगोल कवेलूंच्या जागी मंगळुरी कौले आली, ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर. मंगळूर येथे ह्या कौलांचा पहिला कारखाना १८६५ मध्ये निघाला. नागपूरकडे ती आली ती आगगाडीने. ओतीव लोखंडाचे खांब व कठडे, लोखंडी तुळया आणि खिडक्यांवरील रंगीत काचा हेही लोहमार्गानंतरचे घटक होत. तथापि एका वाड्यात हे सर्व थर एकत्र नांदत असतात, कारण प्रत्येक पिढीने काहीतरी भर घातलेली असते. छप्पर अनेकदा बदलते, भिंत कधीतरी बदलते, जोते मात्र सहसा बदलत नाही. म्हणून मूळ आराखड्याचा शोध जोत्यापासून आणि तळखड्यांच्या रांगेपासून सुरू करणे हिताचे होय. दोन तळखड्यांमधील अंतर हा वाड्याचा ‘खण’. तो एकदा मोजला की मागाहून जोडलेली दालने निराळी ओळखू येतात.

७. १९५१ नंतर

मालगुजारीची पद्धत १९५० च्या मध्य प्रदेश मालकी हक्क नष्ट करण्याच्या कायद्याने संपुष्टात आली. ३१ मार्च १९५१ रोजी गावांचे मालकी हक्क शासनाकडे गेले. नागपूर त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी होते. रयतेच्या दृष्टीने हा बदल न्याय्य व आवश्यक होता, ह्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. पडीक जमिनी, जंगल, गावठाण आणि पूर्व भागातील तलाव शासनाच्या ताब्यात आले. हे तलाव आजही ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणून ओळखले जातात. घरे, आवारे, आवारातील खासगी विहिरी व झाडे आणि घरची शेती मात्र मालगुजारांकडे राहिली. पुढे महाराष्ट्राच्या १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने शेतीच्या क्षेत्रावरही मर्यादा आली.

वास्तूच्या दृष्टीने ह्याचा परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. कायद्याने वाडा मालकाकडे ठेवला, पण ज्या कामासाठी वाडा बांधला होता ते काम संपले. सारा भरावयास कोणी येईना, म्हणून सपरी रिकामी झाली. कोठारातून बियाणे जाईना आणि परत येईना. धान्य घेऊन कवेलू फेरणारी, गिलावा करणारी आणि विहीर उपसणारी माणसे त्या व्यवस्थेतच होती. ती गेल्यावर देखभालीचा सारा खर्च रोख पैशात आला. वारसांत वाटण्या झाल्या तेव्हा अनेक ठिकाणी चौकाच्या मधोमध भिंत घातली गेली. त्यामुळे वारा कोंडला, फरशीचा उतार तुटला आणि पाणी जोत्यात मुरू लागले. जुन्या सागवानाला व घडीव चिऱ्यांना बाजारात किंमत असल्यामुळे काही वाडे उतरवून विकले गेले.

ज्यांनी वाडा टिकविण्याचा प्रयत्न केला, त्यांनीही पुष्कळदा नकळत त्याचे नुकसान केले. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला की भिंतीतील ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते. ती आत साठते, माती मऊ होते आणि एके दिवशी गिलाव्यासकट भिंत सुटते. दगडाच्या दरजांत चुन्याऐवजी सिमेंट भरले, तरीही ओल दरजेतून न निघता दगडातून निघू पाहते, आणि वालुकाश्म असेल तर त्याचे तोंड झडते. खांबाच्या पायथ्याशी काँक्रीटची जमीन केली की तळखडा बुडतो आणि लाकूड पुन्हा ओलीच्या संपर्कात येते. पूर्वीच्या गवंड्याने ज्या एका गोष्टीची काळजी घेतली होती, तीच अशा दुरुस्तीत मोडली जाते.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, नागपूर परिसरातील दगडी वाड्यात दगड हे वैभवाचे प्रदर्शन फार थोड्या प्रमाणात आहे. फुगणारी माती, उडणारे पाणी, उधई, उंदीर आणि बंडीचा आस ह्यांनी जेथे जेथे मागणी केली, तेथे तेथे दगड आला आणि ती मागणी संपताच थांबला. त्याला पैसा व धीर पुरविला तो गावावरील वंशपरंपरागत हक्काने. तो हक्क अन्यायावर आधारलेला होता आणि तो गेला हे योग्यच झाले. परंतु त्या हक्काचा, त्याच्या हिशेबाचा आणि त्याखाली राबलेल्या माणसांच्या कौशल्याचा पुरावा ह्या वास्तूंत अजून वाचावयास मिळतो.

हा पुरावा टिकवावयाचा तर केवळ कोरीव खांबांची व दरवाजांची छायाचित्रे घेऊन भागणार नाही. राज्याचा १९६० चा प्राचीन स्मारकांचा कायदा संरक्षित म्हणून घोषित झालेल्या वास्तूंना लागू होतो. खेड्यांतील खासगी घरांचे भवितव्य बहुतांशी त्यांच्या मालकांवरच अवलंबून राहते. अशा घरांच्या बाबतीत मोजमापासह आराखडे व छेद काढणे, दगड कोणत्या खाणीतला ह्याची नोंद करणे, पाण्याचे उतार व मोऱ्या नकाशावर दाखविणे, आणि प्रत्येक दालनात कोणते काम कोण करी हे जाणत्या वृद्ध स्त्री-पुरुषांकडून, विशेषतः सालदार, गवंडी व कुंभार ह्यांच्या घराण्यांतून, टिपून घेणे हे अभ्यासकांना तत्काळ करता येण्याजोगे काम आहे. सपरी, मयाल, कोठा, तळखडा, पेव हे शब्दही त्या नोंदीतच जपले पाहिजेत. वस्तू गेल्यानंतर शब्द फार काळ राहत नाहीत. जोती दीर्घकाळ टिकतील. त्यांवर काय उभे होते आणि तेथे कोण राबत होते, हे सांगू शकणारी पिढी मात्र तितका काळ राहणार नाही.